गौतम मास्तरांचा कान आणि माझी बोटं

फोन आला तेव्हा मी गिरणीत होतो, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात गौतमशीच भांडत होतो. आदल्या बुधवारी त्याने एक वाक्य टाकलं होतं, "बेंजो म्हंजे टाइपरायटर रे विल्या, तो कारकुनानेच वाजवावा." मी ग्रामपंचायतीचा निवृत्त कारकून आणि तरुणपणी बेंजो, ती बटनं दाबून वाजवायची तारांची पेटी, वाजवलेला माणूस, त्यामुळे ते दोन्हीकडून लागलं होतं आणि ऐनवेळी उत्तर सुचलं नव्हतं. चार दिवस घोळवल्यावर गिरणीच्या खडखडाटात मला ते सापडलं, असं झणझणीत की मी एकटाच हसलो. तेवढ्यात राहुलचा, त्याच्या मुलाचा, फोन. "काका, आप्पा गेले. सकाळी. चहा पिता पिता." मी नुसतं "हो, हो" म्हणालो आणि पिठाचा डबा उचलून घरी आलो. बायकोला सांगायला तोंड उघडलं तर पहिलं वाक्य निघालं, "अगं, मला आत्ताच उत्तर सुचलं होतं." मग मी ओटीवरच खाली बसलो.

त्याला आता सहा आठवडे झाले. आटगावजवळच्या त्याच्या गावात आणि इकडे मुरबाडच्या बाजूलाही त्याला गौतम मास्तर म्हणत. शाळेत शिकवणारा मास्तर नव्हे, बँडमास्तर. तोंडात क्लॅरोनेट, अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे. मी त्याला गौत्या म्हणायचो, कारण चाळीस वर्षांपूर्वी आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. किन्हवलीच्या बाजूला एक लग्न होतं. नवरीच्या मामाने आमच्या बेंजो पार्टीला सुपारी दिली होती आणि नवऱ्याच्या चुलत्याने याच्या बँडला, आणि दोघांनीही एकमेकांना विचारलेलं नव्हतं. वरात मांडवाच्या दारात आली तेव्हा इकडून आम्ही, तिकडून ते. नवरदेवाला आत कुणी वाजवत न्यायचं? आम्ही थांबेना, ते थांबेनात. मी आवाज वाढवला तर यांच्या मोठ्या ढोलवाल्याने असा दणका लावला की मांडवाच्या झालरी हलल्या. नवरदेव मुंडावळ्या बांधून उन्हात उभा, घामाने भिजलेला, आणि मध्ये आम्ही दोघं नाकाला नाक लावून. "तुझ्या पेटीत वीज हाय म्हणून आवाज हाय," तो ओरडला, "माझा दम हाय रे, दम!" शेवटी नवरीच्या आजीने येऊन दोघांनाही शिव्या घातल्या, आणि नवरदेव कुठल्याही वाद्याविना मुकाट आत गेला. जेवायला आम्हाला एकाच पंगतीत शेजारी बसवलं. जिलेबी वाढेपर्यंत आम्ही परत सुरू झालो होतो.

आमचा मूळ मुद्दा पुढे चाळीस वर्षं तोच राहिला. मी म्हणायचो, लग्नाला लोक नाचायला येतात, आणि नाचवावं ते बेंजोनेच. तारा झणझणल्या, मागून ढोलकी आणि कच्छी ढोल आला की म्हातारीची कंबरसुद्धा हलते. तो म्हणायचा, नाचवणं सोपं आहे रे, ताट बडवलं तरी माणूस नाचतो. माणसाला उभं करायचं, आहे त्या जागी गप्प उभं करायचं, ते बँडचं काम. मग मी त्याच्या बँडला 'सर्कस' म्हणायचो. तो माझ्या बेंजोला कधी 'शिलाई मशीन', कधी 'उंदराचा पिंजरा'. पुढेपुढे टाइपरायटर.

पण त्याच्या त्या लाल कोटाची मात्र मी थट्टा एकदाच केली. त्याचा बाप गावकीची हलगी वाजवायचा. कुणाच्या घरी काही असलं की दाराबाहेर बसायचं, वाजवायचं, आणि बाहेरच वाढलेलं खायचं. गौतम आईच्या पोटात असताना बापाने बुद्ध धम्म घेतला आणि ती हलगी त्या दिवशी उतरवून ठेवली ती कायमची. गावाने दोन वर्षं बोलणं टाकलं. "आमच्या घरात वाद्याला बंदी होती," गौतम सांगायचा. "मी क्लॅरोनेट हातात घेतलं तेव्हा बाप आठवडाभर जेवला नाय. मग मी कोट शिवला, बूट घेतले आणि त्याला शहापूरला रस्त्यावर उभा केला. म्हटलं, बघ. आमी रांगेत चालतो, बूट घालून, मान वर करून. सुपारी घेऊन येतो आणि मांडवात खुर्चीवर बसून जेवतो. बघितलंन त्याने. घरी येऊन म्हणाला, त्या कोटाचं एक बटन सैल हाय, लावून घे." एवढं सांगून तो चहाचा कप उचलायचा. त्यानंतर मी सगळ्याला नावं ठेवली, कोटाला कधी नाही.

दोघांचीही वाजवायची वर्षं संपली तसं आमचं ठरून गेलं. दर बुधवारी तो शहापूरहून आणि मी सरळगावहून एसटीने किन्हवलीला यायचं, दोघांना सारखंच पडेल असं, आणि चहाच्या हॉटेलात कोपऱ्यातलं बाकडं धरायचं. विषय काय एक होता? ऑर्केस्ट्रातला गायक खरा की कॅसेटवरचा. जुन्या सिनेमातली व्हायोलिनं चांगली की नव्यातला ढणढणाट. कव्वालीतली टाळी हे वाद्य धरायचं का. डीजेबद्दल आमचं एकदाच एकमत झालं, त्याला दोघांनी मिळून शिव्या दिल्या, आणि ती दुपार इतकी बेचव गेली की पुढच्या बुधवारी त्याने येता येताच जाहीर केलं, "मी विचार केला. डीजे वाईट नाय." निव्वळ भांडण मिळावं म्हणून! मग मला डीजेविरुद्ध तासभर बोलावं लागलं. अलीकडे त्याच्या नातीने त्याला फोनवर कोरियातल्या पोरांचा कुठलासा बँड दाखवला. "नाचतात झकास," तो म्हणाला, "पण सात जण हायत आणि एकाच्याबी हातात वाद्य नाय. याला बँड म्हणायचं तर आपल्या एसटीच्या रांगेलाबी म्हणा." नात दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.

आमच्या गावच्या जत्रेत दुपारी वाद्यांची स्पर्धा असते. आमची कमिटी अशी हुशार की तिने बँड आणि बेंजो यांना एकाच स्पर्धेत घातलं. भात आणि नाचणी एका मापाने मोजायचा प्रकार. तरी ती स्पर्धा भांडणाशिवाय पार पडायची ती गौतममुळे. पंच म्हणून तो पंधरा-सोळा वर्षं बसला. स्वतः बँडवाला, पण बँडला मार्क देताना हात असा आखडता की बँडवाले म्हणायचे, मास्तर आपला असून आपला नाय. बेंजो चांगला वाजला तर पहिला बेंजोच. कुणाची चौथी तार उतरली, कुणाची ढोलकी गाण्याच्या पुढे पळाली, तो डोळे मिटून सांगायचा आणि हरलेला माणूससुद्धा मान हलवायचा. 'मास्तरांचा कान' हा आमच्याकडे शब्दच झाला होता. एखादी गोष्ट पक्की असेल तर लोक म्हणायचे, मास्तरांच्या कानाखालून गेलीय. तो असं ऐकलं की वरवर चिडायचा. मनातून काय खूश व्हायचा! बापाला दाराबाहेर बसवून वाजवायला लावणाऱ्या मुलुखात त्याच्या शब्दावर निकाल लागत होता, दुसरं काय पाहिजे त्याला?

तो कान गेला. सहा-सात वर्षांपूर्वी हळूहळू जायला लागला आणि मग बराचसा गेलाच. त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोला, रमावहिनींनासुद्धा, तो "तू पुटपुटतेस" म्हणून गप्प करायचा. मला कळलं ते असं. बुधवारी तो पाठमोरा, हात धूत होता, आणि मी नेहमीप्रमाणे काडी टाकली, "काल एक क्लॅरोनेट ऐकलं गौत्या, रेडकू ओरडतंय असं वाटलं." उत्तर नाही. मी परत म्हणालो, मोठ्याने. तो शांतपणे हात पुसत वळला आणि म्हणाला, "चहा सांगितलास?" क्लॅरोनेटचा अपमान याने जाऊ दिला! मी त्याच्या समोर, तोंडाकडे बघून, आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "ऐकू येत नाय का रे?" त्याने ओठ वाचले. टेबलावरच्या माश्या हाताने हाकलल्या. मग म्हणाला, "कानात घालायचं यंत्र आणलं होतं राहुलने. त्यात सगळं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाजतं. माझ्या आवाजालाबी मी ओळखलं नाय."

मी म्हटलं, मग पंच म्हणून बसू नकोस. त्याचा चेहरा असा पडला की मला माझाच राग आला. "सोडेन," तो म्हणाला. "पण आता एकदम सोडलं तर लोक इचारतील का सोडलं. कळलं की म्हणतील, कधीपास्नं ऐकू येत नव्हतं? मागचे निकाल पण बहिऱ्यानेच दिले का? सगळं पुसलं जाईल रे माझं." मग आम्ही दोघांनी मिळून जे ठरवलं ते बरोबर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यालाही. मी त्याच्या शेजारी लेखनिक म्हणून बसायचं, कागद लिहायला. ताल त्याला दिसायचा, काठ्या आणि बोटं बघून तो लय अचूक सांगायचा. वादकांची शिस्त, दम, तेही दिसायचं. फक्त सूर दिसत नाही. तेवढ्यापुरता मी. टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर माझी बोटं दाबायची, पाचपैकी जितके मार्क तितकी बोटं. त्याची एकच अट होती. "तुझ्या कानाने ऐकू नको. तुझा कान बेंजोवाल्याचा हाय. माझ्या कानाने ऐक."

आता दुसऱ्याच्या कानाने कसं ऐकायचं? पण चाळीस वर्षं भांडल्याचा उपयोग झाला. कुठल्या जागी तो नाक मुरडेल, कुठे त्याची भुवई वर जाईल, सगळं मला पाठ होतं, कारण त्या प्रत्येक जागेवर आमचं भांडण झालेलं होतं. एखादी पार्टी झोकात वाजवायची, पब्लिक शिट्ट्या मारायचं, माझा पाय टेबलाखाली नाचायचा, आणि माझी बोटं मात्र त्याच्या गुडघ्यावर दोनच दाबायची, कारण गौत्या म्हणाला असता, 'वेग हाय, सूर कुठं हाय?' पहिल्या वर्षी मी घामाघूम झालो. निकाल मास्तरांनी माईकवर वाचला, कुणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या वर्षीही तसंच. त्या दोन वर्षांचे निकाल मी आजही छातीवर हात ठेवून बरोबर म्हणेन. एसटी स्टँडवर तो नुसता माझ्या खांद्यावर थोपटायचा. आभार वगैरे मानणं आमच्यात नव्हतंच.

तिसऱ्या वर्षी मी खोटं बोललो.

झालं काय, त्या सकाळी आमचं जोरात वाजलं होतं. स्पर्धेत शेवटी दोनच तगडे उरणार हे दिसत होतं. एक सरळगावच्या पोरांची बेंजो पार्टी, त्यातल्या दोघांना बेंजो मी शिकवलेला. दुसरा उंबरमाळीकडच्या वाडीवरचा काशिनाथचा बँड. काशिनाथ, त्याचे चुलतभाऊ, सगळे पन्नाशी-साठीतले शेतकरी, कोट विटलेले. त्या भागातला तो शेवटचाच बँड उरला होता. गौतम म्हणाला, "तुझ्या बेंजोची मजा पंधरा मिनिटं. घरी गेल्यावर कुणाला आठवतो?" साधंच वाक्य. याहून वाईट आम्ही हजारदा बोललो होतो. पण त्या दिवशी ते मला टोचलं, कारण मला माझं सगळं तरुणपण त्या पंधरा मिनिटांत गेल्यासारखं वाटलं. आणि डोक्यात एक किडा शिरला. माईकवर, सगळ्या जत्रेसमोर, गौत्याच्या तोंडून एकदा तरी 'बेंजो सरस' असं ऐकायचं. तेही असा तगडा बँड समोर असताना. एकदाच.

पोरांनी बेंजो चांगला वाजवला, पण वरच्या पट्टीत जरा ओढाताण झाली. मी पाच बोटं दाबली. मग काशिनाथचा बँड आला. त्यांनी पाठवणीची एक जुनी संथ चाल घेतली, नवरी सासरी निघताना वाजवायची. जत्रेत असलं कुणी वाजवत नाही, लोक उठून जातात. लोक उठले नाहीत. काशिनाथचं क्लॅरोनेट खालच्या स्वरावरून असं वर गेलं की मला माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आठवलं. तिच्यापुढे असाच बँड होता, आणि ती पुढे वर्षभरात बाळंतपणात गेली, तिच्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. धुळीचं निमित्त करून मी बाहीने डोळे पुसले. मला चांगलं आठवतं, चाल संपली आणि क्षणभर पाळणावाल्याचंसुद्धा इंजिन बंद असल्यासारखं वाटलं. आणि मी त्याच्या गुडघ्यावर दोन बोटं दाबली. दोन. त्याने माझ्याकडे बघितलं. मी परत दाबली, दोनच.

त्याने माईकवर वाचलं, "पहिला क्रमांक सरळगाव. आज बेंजो सरस ठरला." टाळ्या, गुलाल, पोरं नाचली. मला जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि ते ऐकून मला काहीएक वाटलं नाही. काशिनाथ आणि मंडळी वाद्यं पिशव्यांत घालत होती, त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. स्टँडपर्यंत चालताना गौतमने विचारलं, "बँड कसा होता रे?" मी म्हणालो, "बरा. क्लॅरोनेट हलत होतं." त्याला ओठ वाचता यावेत म्हणून मी त्याच्याकडे तोंड करून म्हणालो. म्हणजे त्याच्या तोंडावर, नीट उच्चार करून, खोटं बोललो. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि एसटीत चढला. पुढच्या बुधवारी तो आला तो नेहमीसारखाच, कुठल्याशा गायकाला शिव्या देत. जाता जाता सांगितलं, "पंच म्हणून आता नाय बसणार. गुडघे दुखतात, जत्रेच्या गर्दीत चालवत नाय." मी मनात म्हटलं, सुटलो.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही दर बुधवारी भांडलो. त्याला हळूहळू काहीच ऐकू येईना, मग मी ओठांनी, हातवाऱ्यांनी, कधी पावतीच्या मागे लिहून भांडायचो. हॉटेलवाला म्हणायचा, दोघांचं मूकनाट्य चाललंय. त्याने त्या जत्रेचा विषय एकदाही काढला नाही. कसलाही मुद्दा न सोडणारा माणूस! दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी एका गाण्याचा संगीतकार चुकीचा सांगितला होता तर ते तो मला दिवाळीच्या दिवाळी ऐकवायचा. त्याने त्या निकालावर शब्द काढला नाही यावरून मी निश्चिंत होतो, की त्याला कळलंच नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाला अंगणात मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. माझं नाव यादीत शेवटी होतं. माझ्या आधी काशिनाथ उठला. त्याला बोलायची सवय नाही, माईक त्याने तोंडापासून हातभर लांब धरला. "मास्तर गेले म्हणून सांगतो," तो म्हणाला. "त्यांनीच सांगितलं होतं, एकतर आज चारचौघांत सांगा नायतर मी गेल्यावर सांगा, पण सांगा. तीन वर्षांपूर्वी जत्रेत आमी हरलो. दुसऱ्या दिवशी आमी वाद्यं इकायला काढणार होतो, आमचं ठरलंच होतं तसं. सकाळी बघतो तर मास्तर वाडीवर. आटगावास्नं गाडीने उंबरमाळी, तिथून तो सगळा चढ, ते गुडघे घेऊन. ओटीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, काल निकाल चुकला. पयले तुमी. मला ऐकू येत नाय, माझ्या कानाचा दोष. आमी म्हटलं, मास्तर, ऐकू येत नाय तर पयले आमी हे तुमाला कसं कळलं?"

काशिनाथ थांबला. मला वाटलं त्याने तिथेच थांबावं.

"मास्तर म्हणाले, माझ्या शेजारी एक माणूस बसतो. चाळीस वर्षं ओळखतो त्याला. त्याला बँड आवडत नाय, माझ्याशी जन्मभर तेवढ्यावरनं भांडलाय. काल तुमी वाजवत होतात तेव्हा तो रडत होता. त्याला रडवलात... मला अजून कसला सूर ऐकायचाय?"

रमावहिनींनी पदर तोंडाला लावला. काशिनाथने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पंचाशेजारी कोण बसलं होतं ते त्याला आणि त्याच्या सगळ्या भावांना तीन वर्षं माहीत होतं, आणि तीन वर्षं ते मला बाजारात भेटले की हात जोडून "काय भाऊ, बरं हाय ना?" म्हणत होते. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, माईकपर्यंत गेलो आणि तोंडातून आवाज फुटेना. लोकांना वाटलं मित्राच्या दुःखाने. राहुलने हाताला धरून मला खाली बसवलं. वहिनी नंतर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊजी, तुमी काय बोलणार होतात ते आमाला कळलं." त्यांना कळलं नव्हतं. मी भित्रा आहे, एवढंच.

पण गप्प बसून भागलं नाही. जेवताना पंगतीत कुजबुज सुरू झाली. "म्हंजे मास्तर बहिरे होते?" "कधीपास्नं?" "मग आमचा पण निकाल तसाच लागला का काय?" परवा किन्हवलीच्या त्याच हॉटेलात एक जण हसत म्हणाला, "मास्तरांच्या कानाखालून गेलंय म्हंजे बहुतेक ऐकूच आलं नसल." ज्याला तो जन्मभर भ्यायचा तेच झालं, आणि त्याच्या मागे झालं, जेव्हा तो उठून भांडू शकत नाही. काशिनाथने प्रामाणिकपणे सांगितलं तेच लोकांनी धरलं, की दोष कानाचा. मी जत्रेच्या कमिटीकडे गेलो. ते म्हणाले, जाऊ दे ना विलासराव, जुनी गोष्ट, बक्षिसाची ढाल त्या पोरांच्या घरी लागलीसुद्धा. मग मी त्या पोरांकडे गेलो. सगळं सांगितलं. जो बेंजो वाजवतो, माझाच चेला, तो खाली मान घालून म्हणाला, "काका, आमाला त्या दिवशीच कळलं होतं. बँड ऐकून आमी पण उभेच ऱ्हायलो होतो." त्याने भिंतीवरची ढाल काढली, पेपरात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. गेल्या रविवारी ती काशिनाथला द्यायला मी तो चढ चढलो. गुडघे माझेही दुखतात. दोनदा खाली बसावं लागलं, आणि दोन्ही वेळा मी विचार केला की हा माणूस इथून चालला, माझ्या खोटेपणाचं ओझं घेऊन, आणि वर जाऊन म्हणाला माझ्या कानाचा दोष.

म्हणून जे मांडवात बोलता आलं नाही ते इथे छापायला लिहितो, म्हणजे चार गावांत वाचलं जाईल. त्या वर्षीच्या स्पर्धेचा निकाल असा आहे. पहिला क्रमांक, काशिनाथ आणि मंडळींचा बँड. दुसरा, सरळगावची बेंजो पार्टी. पंचांचा कान गेला होता, पण पंच चुकले नव्हते. पंचांच्या गुडघ्यावर ज्याची बोटं होती तो खोटं बोलला, त्याचं नाव विलास, आणि तो मी. त्याआधीच्या सगळ्या वर्षांचे निकाल जसेच्या तसे बरोबर आहेत, ज्याला शंका असेल त्याने माझ्याकडे यावं.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून छळते. गौत्या, तुला कळलं होतं. बँड माणसाला उभं करतो हा तुझा मुद्दा, त्याचा पुरावा म्हणून तू कुणाला दाखवलंस तर मला! चाळीस वर्षांचं भांडण तू त्या दुपारी जिंकलास, आणि नंतर तीन वर्षं, दर बुधवारी, माझ्यासमोर बसून माझा बेंजो, माझी बढाई, सगळं ऐकून घेतलंस. म्हणजे ऐकू येत नव्हतं तरी ऐकून घेतलंस. एका शब्दाने तोंड बंद करता आलं असतं माझं. का नाही केलंस रे? मी हरलो. चारचौघांत लिहून देतो, बँड सरस. आता तरी एकदा हस, टेबलावर हात आपट आणि म्हण, सांगत नव्हतो तुला?